जुन्या ट्रकच्या कमानपाट्यांचे जाम बोल्ट

ट्रकच्या कमानपाट्यांचे बोल्ट एकदा आवळले, की पाटा तुटेपर्यंत त्यांना सहसा कुणी हात लावत नाही. चाकाचे नट पंक्चरच्या निमित्ताने वरचेवर सुटतात, इंजिनाच्या बोल्टांवर तेलाचा ओशटपणा असतो. पाट्याच्या बोल्टांच्या वाट्याला चिखल, पाणी आणि धक्के एवढेच येते. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाडीचा पाटा बदलायला घेतला, की पाटा उतरवायला तास आणि बोल्ट काढायला दिवस, असे उलटे गणित होऊन बसते.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गंजाला मदत करणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. बेसॉल्ट खडकापासून झालेली इथली काळी रेगडी ओली झाली की फुगते आणि पाट्यांच्या खाचांत, चेसिसवरच्या हँगरच्या पोकळीत लिंपल्यासारखी बसते. वरून वाळलेली दिसली तरी आत तिची ओल बरेच दिवस टिकते. उसाच्या फडाशी भरायला उभा राहणारा ट्रक आणि गोदावरी-मांजरेच्या ओल्या वाळूचे पाणी गाळत जाणारा टिपर यांचे बोल्ट गंजतातच, पण सर्वांत वाईट अवस्था खताच्या गाडीची. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. सांडलेली भुकटी पाण्यात विरघळून सांध्यांत उतरते आणि तिच्यातला क्लोराइड मिठाप्रमाणेच पोलादाचा गंज झपाट्याने वाढवतो. पुढे चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात ग्रीसमधले तेल हळूहळू निथळते. मागे उरलेला ग्रीसमधल्या साबणाचा कोरडा थर पाणी अडवू शकत नाही.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. नट आणि बोल्टाच्या आट्यांमध्ये फट जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या घरातली. ती भरून गेल्यावर गंज आणखी वाढतो आणि दोन्ही भागांना आतून पाचर ठोकल्यागत ताणून धरतो. अशा बोल्टावर नुसता जोर वाढवला तर गंज सुटण्याआधी बोल्ट पिळून तुटतो, कारण गंजाने त्याची जाडीही खाल्लेली असते. गंजाचा थर फोडणे, बाहेरचा भाग तापवून फट वाढवणे किंवा बोल्ट सरळ कापणे, असे तीनच मार्ग उरतात. त्यांतला कोणता केव्हा घ्यायचा, यात मिस्त्रीचे कसब दिसते.

कामाची वेळही महत्त्वाची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वाहतुकीतली गाडी सहसा उभी करता येत नाही. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला पासिंग दरवर्षी करावे लागते. त्यासाठी गाडी गॅरेजला लागतेच. पाट्याचे काम तेव्हाच, पण पासिंगच्या तारखेला टेकून नव्हे, आठवडाभर आधी काढलेले बरे. जाम बोल्टाला घाई मानवत नाही.

बोल्ट नेमका कुठे अडला आहे

पाना हातात घेण्याआधी हे पाहावे. पाट्याच्या बांधणीत साधारण चार जागी अडचण येते. पाट्यांची चळत अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट. चळतीच्या मधोमध जाणारा सेंटर बोल्ट. मेन पाट्याच्या टोकाला वळवलेल्या गोलातून जाणारी पिन किंवा बोल्ट, जो पाट्याला एका बाजूला हँगरशी आणि दुसऱ्या बाजूला हलत्या शॅकलशी जोडतो. आणि शॉकअपचे बोल्ट.

यू-बोल्टाचा नट बहुधा आट्यांवरच जाम होतो. गोलातल्या बोल्टाचे दुखणे वेगळे असते. हलक्या गाड्यांत गोलात रबरी बुश असते आणि रबराच्या आत पोलादी नळी. बोल्ट या नळीतून जातो. नट सहज सुटतो, मिस्त्री खूश होतो, आणि बोल्ट मात्र जागचा हलत नाही. कारण तो नळीच्या आत आरपार गंजलेला असतो. पान्याने फिरवला तर नळीसकट रबरात फिरतो, बाहेर येत नाही. येथे नटावर तेल ओतण्यात काही अर्थ नाही. जड गाड्यांत बहुधा रबराऐवजी धातूचे बुश आणि ग्रीस निपल असलेली पिन असते. तिथे ग्रीसची वाट बुजलेली असते आणि पिन बुशात रुतलेली.

अडचण कुठे आहे, हे एका साध्या खुणेने ओळखता येते. बोल्टाचे डोके आणि आट्यांकडचे टोक दोन्हींवर खडूने रेघ ओढावी आणि थोडा जोर लावून पाहावे. डोके फिरले आणि दुसरे टोक जागीच राहिले, तर बोल्ट पिळला जात आहे, तिथेच थांबावे. दोन्ही टोके एकत्र फिरली, तर अडचण नळीत आहे.

गाडी उचलणे

जमीन पक्की असावी. रेगडीवर किंवा सैल मुरमावर जॅक रुततो, म्हणून खाली जाड लोखंडी प्लेट किंवा साग-बाभळीचा रुंद ठोकळा द्यावा. उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी. चेसिस घोड्यांवर टेकवावी आणि अ‍ॅक्सलला वेगळा जॅक द्यावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हा प्रकार गॅरेजमध्ये रोज दिसतो म्हणून सुरक्षित ठरत नाही. घण मारताना बसणारा आडवा धक्का जॅक घसरवायला पुरेसा असतो.

दोन जॅकांचा खरा उपयोग पुढे आहे. पिनेवर पाट्याचा ताण असेल तर गंज नसतानाही ती निघत नाही. अ‍ॅक्सलचा जॅक थोडा वर, थोडा खाली करत शॅकल हाताने हलू लागेल ती जागा शोधावी. त्या जागी पिनेवरचा भार जवळजवळ शून्य होतो. ‘जाम’ ठरवलेल्या कितीतरी पिना एवढ्यानेच सुटतात, आणि हे करून न पाहता घण उचलणे हा निव्वळ अंगमेहनतीचा अपव्यय आहे.

सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर यू-बोल्ट सोडण्याआधी पाट्यांची चळत दोन मजबूत शिकंज्यांनी आवळून घ्यावी. दाबून बांधलेले पाटे अचानक मोकळे झाले तर उसळतात.

तेल, हातोडा आणि आच

आधी सफाई. तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे घासून काढावेत, खाचेतली माती खिळ्याने उकरावी. मातीवर ओतलेले तेल मातीच पिते. मग गंज सोडवणारा फवारा किंवा रॉकेल-डिझेलचे मिश्रण थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा द्यावे. संध्याकाळी, झोपण्याआधी आणि सकाळी असे तीनदा दिलेले तेल एकदम ओतलेल्या अर्ध्या लिटरपेक्षा जास्त आत मुरते. दोन फवाऱ्यांच्या मध्ये नटाच्या कडांवर हातोडीचे बेताचे ठोके मारावेत. ठोक्याने गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि त्यातून तेल आत शिरते. ठोका आट्यांच्या टोकावर बसू देऊ नये. टोक पसरले की नट कधीच बाहेर येणार नाही.

सोडवताना पाना रिंगचा किंवा सहा बाजूंचा सॉकेट असावा. फिक्स पान्याने गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने असा पुढे-मागे झोका द्यावा. नट पाव फेरा सुटला की तेल द्यावे, त्यातला अर्धा परत आवळावा, पुन्हा सोडावा. सुटलेला गंज आट्यांत साचत जातो. एकाच दिशेने फिरवत राहिले तर तोच पुन्हा पाचर होतो. टायरवाल्यांची एअर गन इथे उपयोगी पडते, कारण तिचे ठोके गंज फोडतात आणि बोल्ट पाइप लावलेल्या पान्याइतका पिळला जात नाही.

तेलाने भागले नाही तर आच. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. २४ मिमी भोकाचा नट ३०० अंशांनी तापला तर भोक सुमारे ०.०८ मिमीने मोठे होते. गंजाची पकड सुटायला तेवढे पुरते. म्हणून ज्योत नटाच्या बाजूंवर चहूकडून फिरवावी आणि आतला बोल्ट तापण्याआधी पाना लावावा. सावलीत नट मंद लाल दिसू लागला की तो साधारण ५५० अंशांच्या पुढे गेला आहे. त्याहून जास्त तापवण्याची गरज नाही. नट थोडा निवल्यावर आट्यांना मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण फटीत ओढले जाते. जुन्या मिस्त्रींचा हा उपाय महागड्या फवाऱ्यांइतकाच, कधी त्याहून चांगला ठरतो. तापलेल्या ओतीव हँगरवर पाणी मारणे मात्र टाळावे, त्याला चीर जाते.

आचेची बंधने काटेकोर आहेत. पाट्याचे पोलाद कडक करून मग साधारण ४५० ते ५०० अंशांच्या आसपास पाणी उतरवलेले असते. त्याहून जास्त ज्योत लागली की त्या जागेचा ताण मरतो आणि पाटा पुढे तिथेच बसतो किंवा तुटतो. म्हणून पाट्याला लागून असलेल्या यू-बोल्टावर गॅस वापरताना मध्ये पत्रा आडवा धरावा. शॉकअपच्या बंद नळीला ज्योत दाखवू नये, आतले तेल उकळून नळी फुटू शकते. डिझेल टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि मागच्या ब्रेकचे स्प्रिंग चेंबर जवळ असेल तर ओले गोणपाट झाकावे किंवा गॅसचा विचार सोडावा. रॉकेल दिलेल्या जागी ज्योत नेण्यापूर्वी ती कोरडी पुसावी आणि शेजारी वाळूची बादली ठेवावी. तापवलेला बोल्ट-नट परत वापरायचा नाही. त्याची ताकद गेलेली असते.

गोलात रुतलेला बोल्ट आणि पिन

ग्रीसवाल्या पिनेला बहुतेक ठिकाणी हँगरमधून आडवा जाणारा एक लहान लॉक बोल्ट असतो. तो पिनेच्या खाचेत बसून तिला फिरू देत नाही. मातीत झाकल्यामुळे तो दिसत नाही आणि पिनेवर तासभर घण चालतो. आधी तो शोधून काढावा. मग ग्रीस निपल काढून वाट तारेने मोकळी करावी, निपल परत बसवून ग्रीस गनमध्ये पातळ तेल भरून दाबाने सोडावे. बाहेरून जे तेल आठ दिवसांत पोचत नाही, ते अशा दाबाने पिनेच्या मध्यापर्यंत जाते. एखाद्या पिनेच्या डोक्यात ओढून काढण्यासाठी आटे असतात. असतील तर पुलर लावावा.

ठोकायची वेळ आलीच तर पिनेहून किंचित बारीक, मऊ लोखंडाचा किंवा पितळेचा दांडा मध्ये धरून घण मारावा. पिनेचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. त्यावर थेट घण बसला की कपच्या उडतात, आणि त्या डोळ्याच्या दिशेनेही येतात. चष्मा न घालता हे काम करू नये. दांडा धरणाऱ्याचा हात घणाच्या रेषेत नसावा. लांब सांडशीने धरणे उत्तम. मारताना हँगरच्या मागच्या बाजूला जड लोखंडाचा आधार दिला तर ठोका पिनेलाच लागतो, नाहीतर निम्मा जोर हँगर वाकवण्यात जातो.

रबरी बुशाच्या नळीत गंजलेला बोल्ट ठोकून क्वचितच निघतो. रबर प्रत्येक ठोका गिळते. थोडा वेळ प्रयत्न करावा आणि मग कापायला घ्यावे. बुश तसेही बदलायचेच असते. वाचवायचा बोल्ट नसतो, हँगर, शॅकल आणि पाटा वाचवायचे असतात. नव्या बोल्टाची किंमत हँगरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. हे लक्षात ठेवले की कापण्याचा निर्णय वेळेवर घेता येतो.

कापायची जागा म्हणजे बुश आणि हँगरच्या कानामधली फट, दोन्ही बाजूंना. हॅक्सॉचे पाते तिथे शिरते. टोक कापडात गुंडाळून नुसते पातेही हाताने चालवता येते, वेळ लागतो एवढेच. ग्राइंडरची पातळ चकती जात असेल तर काम मिनिटांचे, पण चकती कानाला टेकता कामा नये. दोन काप पूर्ण झाले की पाटा मधल्या तुकड्यासह खाली येतो, म्हणून शेवटचा काप देण्याआधी पाट्याखाली आधार हवाच. कानात उरलेले तुकडे पंचाने बाहेर पडतात. गोलातले बुश प्रेसने काढावे. रबर जाळून काढण्याची पद्धत सर्रास चालते. ती वाईट, कारण धूर विषारी असतो आणि गोलाचा पाटा नको तितका तापतो.

यू-बोल्टाच्या बाबतीत तर विचारच करू नये. तो एकदा ताणून आवळलेला, उघडल्यावर परत वापरण्याजोगा नसतो. नटाच्या एका बाजूला बोल्टाच्या लांबीच्या दिशेने ग्राइंडरने चीर पाडावी, छिन्नीने ती फाकवावी, नट सुटतो. चारही नट एकदम कापू नयेत, दोन शिल्लक ठेवून पाट्याचा आणि अ‍ॅक्सलचा आधार पुन्हा तपासावा.

डोके गोल झालेल्या किंवा तुटलेल्या बोल्टावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग केले, तर पान्याला नवी पकड मिळते आणि वेल्डिंगची उष्णता गंजही सोडवते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात आणि अर्थची चिमटी कामाच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे करंट चाकाच्या बेअरिंगमधून जाणार नाही.

तपासणी आणि नवे बोल्ट

जुने भाग बाहेर आल्यावर लगेच नवे बसवायची घाई नडते. हँगरची भोके लांबट झाली आहेत का, शॅकलच्या पट्ट्यांना चीर आहे का, मेन पाट्याचा गोल उघडला आहे का, सेंटर बोल्टाच्या भोकापाशी केसासारखी रेघ दिसते का, हे पुसून, उजेडात पाहावे. पाटा मधल्या भोकातून तुटला असेल तर दोष बहुधा पाट्यात नसतो; यू-बोल्ट सैल होते म्हणून तो तुटलेला असतो. लांबट झालेले भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडणे स्वस्त वाटते, पण ओतीव हँगरवरचे वेल्डिंग भरवशाचे नसते. हँगर बदलावा. चेसिसच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला नवे भोक पाडणे किंवा तिथे वेल्डिंग करणे, दोन्ही टाळावे. सर्वांत जास्त ताण तिथेच येतो.

नव्या बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा वाचावा. ८.८ म्हणजे दर चौरस मिमीला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसणारे पोलाद आणि त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जाणारा बोल्ट, १०.९ चे आकडे अनुक्रमे १००० आणि ९० टक्के. मूळ बोल्ट १०.९ असेल तर ८.८ चालणार नाही, आणि आकडा नसलेला बोल्ट पाट्याखाली मुळीच नको. जुन्या गाडीवर आधीच्या दुरुस्त्यांमुळे मिलिमीटर आणि इंच अशी दोन्ही मापे सापडू शकतात, म्हणून नमुना घेऊन दुकानात जावे आणि नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरतो का ते तिथेच पाहावे.

एक चूक फार होते. गोलातल्या बोल्टाला डोक्यापासून आटे असू नयेत. बुश आणि हँगरच्या कानांत बसणारा भाग गुळगुळीत हवा, आटे त्यापुढे फक्त नटापुरते. पूर्ण आट्यांचा बोल्ट दुकानात सहज मिळतो, बसतोही, आणि काही महिन्यांत कानशीप्रमाणे भोक घासून मोठे करतो.

बसवताना बोल्टाच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ थर द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी तो नळीत जाम होणार नाही. रबराला मात्र ग्रीस लागू देऊ नये, रबर फुगते. बुश दाबताना साबणाचे पाणी पुरते.

आवळण्याचा जोर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि टॉर्क पाना आता छोट्या गॅरेजलाही परवडतो. तो का हवा, हे एका हिशेबातून कळते. १६ मिमीच्या ८.८ बोल्टाला साधारण २०० न्यूटन-मीटर पुरतात. एक मीटर पाइपच्या टोकाला ६० किलोचा माणूस लोंबकळला तर सुमारे ५९० होतात. आट्यांना तेल-ग्रीस असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट आणखी ताणला जातो, म्हणून पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेलाच्या, हेही पाहावे. यू-बोल्ट एक-एक पूर्ण न आवळता कोपऱ्याकोपऱ्याने, तीन-चार फेऱ्यांत आवळावेत आणि चारही नटांपुढे दोन-तीन आटे दिसावेत. सेंटर बोल्टाचे डोके अ‍ॅक्सलच्या खड्ड्यात नीट बसले आहे, हे त्याआधी पाहून घ्यावे.

रबरी बुशाचे बोल्ट शेवटी आवळावेत, तेही गाडी चाकांवर उतरवल्यावर. पाटा लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि थोड्याच दिवसांत फाटते. हे कारण माहीत नसल्याने बुशाच्या कंपनीला नावे ठेवली जातात. धातूच्या बुशाच्या पिनेला हा नियम लागू नाही. तिथे लॉक बोल्ट खाचेत बसला आहे आणि निपलमधून दिलेले ग्रीस दोन्ही टोकांतून बाहेर येते आहे, एवढे पाहायचे.

उभी गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या हँगरच्या पिनेपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. फरक आढळला तर अ‍ॅक्सल तिरका बसला आहे. यू-बोल्ट ढिले करून तो सरळ करावा. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर, साधारण ५०० ते १००० किलोमीटरच्या आत, यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. पाट्यांमधला रंग आणि गंजाचा थर भाराखाली दबतो आणि बोल्ट थोडे सैल होतात. पावसाळ्यात चिखलातून आलेली गाडी धुतल्यावर, खताच्या फेरीनंतर तर न चुकता, पिनांना ताजे ग्रीस द्यावे आणि आतले पाणी व जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत गन चालू ठेवावी.